घोषणा आणि तिचा भार

प्रिय सुनंदा,

घोषणांनी भिंती रंगतात, माणसं बदलत नाहीत, असं तू लिहिलंस. कुटुंबनियोजनाची ‘हम दो, हमारे दो’ आठव. जन्मदर मुलींच्या शिक्षणाने आणि बालमृत्यू घटल्याने उतरला, हा तुझा मुद्दा रास्तच आहे. केरळने ते सक्तीवाचून दाखवून दिलं. पण मुलं थोडी हवीत ही इच्छा शिक्षणाने दिली, तरी ‘थोडी म्हणजे दोन’ हे घोषणेने ठरवलं. तिसऱ्या वेळी दिवस गेले की लोक नावं ठेवू लागले. पुढे हाच आकडा महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या उमेदवारीची अट झाला आणि २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीचीही. भिंतीवरची ओळ अशी आधी लोकलज्जा झाली, मग कायदा.

मात्र घोषणा जिथे गप्प बसते, तिथे जुनी रूढी बोलते. दोन कोण, हे तिने सांगितलं नव्हतं. मुलगा होईपर्यंत वाट पाहणाऱ्या घराला आता दोनच संधी उरल्या. देशात पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे १९९० मध्ये ९०६ मुली जन्मत होत्या, २००५ मध्ये ८३६. पहिला मुलगा असेल तिथे अशी घसरण नव्हती. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील मुलींचं प्रमाण २००१ मध्ये हजारी ९१३ होतं, २०११ मध्ये ८९४. दोष सोनोग्राफीचा, असं तू म्हणशील. यंत्राने सोय केली खरी, पण घाई दोनच्या मर्यादेने लावली. ‘मुलगा-मुलगी एकसमान’ हीही घोषणा होतीच की! पण आकड्यामागे शिबिरं, बक्षिसं आणि नियम उभे राहिले. समानतेमागे ना प्रत्यक्षात वाटणीतली जमीन हाती आली, ना म्हातारपणी लेकीकडे राहण्याची मुभा.

‘हम दो’मधला भारही दोघांत वाटला गेला नाही. १९७६-७७ मध्ये ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या. आणीबाणीतल्या सक्तीच्या रागाचा तेव्हाच्या सरकारच्या निवडणुकीतल्या पराभवात मोठा वाटा होता. त्यानंतर पुरुषाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, आणि शस्त्रक्रिया बाईच्या वाट्याला आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदी ३८ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के.

तेव्हा घोषणांना पोकळ समजू नकोस. पुढची ऐकलीस की आधी एवढंच विचार: हिचा भार उचलायचा कुणी?

तुझी,
वासंती