मौन म्हणजे संमती

गेल्या वर्षी बडोद्याहून लेकीकडे इंग्लंडात, लेस्टरला गेले होते. एके सकाळी दारात कौंटी न्यायालयाचा लखोटा पडला. काही महिन्यांपूर्वी एका खाजगी वाहनतळावर तिने पैसे भरूनच मोटार उभी केली होती. पण यंत्रात मोटारीच्या क्रमांकाचे एक अक्षर चुकीचे दाबले गेले. कंपनीने जादा आकार मागितला. लेकीने ती पत्रे केराच्या टोपलीत टाकली आणि प्रकरण दाव्यापर्यंत गेले.

जावई म्हणाले, "आई, पैसे देऊन मोकळे होऊ." लेक गप्प. घरासाठी कर्ज काढायचे होते. उत्तर न दिल्यास एकतर्फी निकाल लागतो, आणि महिन्याभरात रक्कम न भरल्यास त्याची नोंद सहा वर्षे राहते.

यजमान गेल्यावर पेन्शनच्या कागदांनी मला एक धडा दिला होता: कागदाला कागदानेच उत्तर द्यावे. लेकीच्या पर्सा धुंडाळून मी ती पावती शोधली. दावा मिळाल्यापासून १४ दिवसांत पोच दिली की बचाव मांडण्यास एकूण २८ दिवस मिळतात. नुसते 'रक्कम जबर आहे' म्हणून भागत नाही; वेळ उलटून थांबलेल्या एका मोटारीवरचा ८५ पौंडांचा आकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली वैध ठरविला आहे. म्हणून आम्ही एवढेच लिहिले: पैसे भरले, ही पावती, चूक एका अक्षराची.

सुनावणीच्या वेळी मी बडोद्यास परतले होते. दावा फेटाळल्याचे लेकीने फोनवर सांगितले. म्हटले, "अगं, न्यायालयाच्या दारी मौन म्हणजे संमतीच!"