तळ पडला, तो उठलाच नाही

सफाळे स्टेशनावर उतरून दातिवऱ्याची वाट धरावी. वाट संपते तिथे वैतरणेचे रुंद मुख एकदम समोर उभे राहते. पैलतीराकडे समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला दिसतो, तर अलीकडे दातिवऱ्याचा जुना कोट. सन १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत हा सारा किनारा पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. आज तेथे तोफांचा धूर नाही, मासळीचा वास आहे. फौजा आल्या, तळ देऊन राहिल्या आणि गेल्या. किनारा पुन्हा गावकऱ्यांचा झाला.

मराठीचा मास्तर पडल्यामुळे मी या ‘तळ’ शब्दापाशी थबकलो. आपल्या भाषेत तळ पडतो, तसा तो उठतोही. मग ‘विमानतळ’ या शब्दातला तळ कधी उठतो बरे?

दुसऱ्या महायुद्धात फौजा आभाळातून जाऊ लागल्या. अमेरिकेचे डाकोटा विमान अठ्ठावीस सैनिक सहज घेऊन उडे. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाटच्या तळावरून अमेरिकन डाकोटांनी बिनइंजिनाची ग्लायडरे दोरखंडाने ओढीत ब्रह्मदेशात, जपान्यांच्या पिछाडीला नेली. एकेका विमानामागे दोन दोन! असे धाडस करायचे तर आधी सराव हवा आणि सरावाला, उड्डाणाला सपाट जमीन हवी. त्या काळात हिंदुस्थानभर धावपट्ट्या झाल्या.

आमचा ठाणे जिल्हाही त्यातून सुटला नाही. दातिवरे तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा निराळा झाला तो २०१४ साली. कल्याणजवळ ब्रिटिशांची मोठी लष्करी छावणी पडली. लढाई सरली, फाळणी झाली, आणि त्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. तळ उठला आणि तिथे चुली पेटल्या.

पण तेथून जवळच नेवाळीला निराळेच घडले. विमानतळासाठी आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन इंग्रज सरकारने घेतली. लढाई संपल्यावर ती परत मिळायची होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. जमीन संरक्षण खात्याची, असे सरकारचे. कित्येक वर्षे शेतकरी तिथे शेती करीत राहिले. पुढे नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी आंदोलन भडकले. गाड्या जळाल्या, शेतकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले.

देशाला संरक्षण हवे, यात वाद नाही. पण १९४५ साली संपलेल्या लढाईचा हिशेब बहात्तर वर्षांनी नातवंडांना मागावा लागतो, ही गोष्ट काही शोभेची नव्हे. वाचकहो, सुटीत दातिवऱ्याला जरूर जा. परतताना वाकडी वाट करून नेवाळीही पाहा. पडका कोट पाहून आपण हळहळतो. पण कोट पडला म्हणूनच दातिवऱ्याला आपला किनारा परत मिळाला.