उलटी लावलेली पुस्तकं

माझ्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात एकेचाळीस पुस्तकं उलटी लावलेली आहेत, पाठ भिंतीकडे. घरी कुणी आलं की वरचे नेमाडे, गौरी देशपांडे, श्याम मनोहर दिसावेत आणि खालचं काही दिसू नये, अशी ही व्यवस्था. तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलेल्या बाईकडे मिल्स अँड बून सापडणं म्हणजे गळ्यात माळ नि डब्यात सुकट.

ही लपवाछपवी आत्याची. ती सदाशिव पेठेत जेवणाचे डबे करायची, रोजचे तीस. अडीचला शेवटची भांडी पालथी पडली की चारपर्यंत ती माजघरात आडवी व्हायची आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक उघडायची. आत चंद्रकांत काकोडकर. आम्हा मुलांना ते ठाऊक होतं, पण त्या दीड तासात तिला हाक मारायची कुणाची छाती नव्हती. मी एस. वाय.ला होते, नुकती अक्कल फुटलेली. विचारलं, "आत्या, असलं खोटंनाटं काय गं वाचतेस?" कूसही न बदलता ती म्हणाली, "दिवसभर खरंच तर असतं समोर."

मला तो अडाणीपणा वाटला. पुढे कितीतरी वर्षं वर्गात ‘आत्याचं साहित्य’ म्हणून मी हशा मिळवला.

फडक्यांचं चालायचं. तेही प्रेमकथाच लिहीत, पण ते प्राध्यापक, १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. काकोडकर मात्र गादीखाली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ आला, आणि त्यांची पुस्तकं लपवणारी घरंच्या घरं तो बघायला सहकुटुंब गेली.

माझं मत फिरलं ते मुलीचा घटस्फोटाचा दावा सुरू झाल्यावर. कौटुंबिक न्यायालयात सकाळी अकराला जाऊन बसायचं. पुकारा कधी होईल सांगता येत नाही, बहुतेक वेळा नुसती पुढची तारीख. पर्समध्ये मी एक भारदस्त कादंबरी नेत असे. चार तारखांत तिची सात पानं झाली, तीही तीच तीच. पाचव्या तारखेला शेजारी बसलेल्या एका मुलीने (तिची पोटगीची केस होती) एक चुरगळलेलं मिल्स अँड बून माझ्याकडे सरकवलं. "घ्या काकू, डोकं लागत नाही." लग्नं मोडायच्या जागी लग्न जुळवणारं पुस्तक! हसू आलं, आणि उघडलं.

दहाव्या पानावर कोण कुणाला मिळणार ते कळलं. हीच तर माझी जुनी तक्रार: शेवट आधीच माहीत, मग वाचायचं काय? त्या बाकावर उमगलं, शेवट माहीत होता म्हणूनच मला वाचता येत होतं. माझ्या पोरीचं काय होणार ते वकिलालाही सांगता येत नव्हतं. या दोघांचं मात्र पक्कं होतं. मधल्या दोनशे पानांत त्यांनी कितीही भांडावं, माझ्या पोटात गोळा येणार नव्हता. दुपारी दोनला पुकारा झाला तेव्हा मला चक्क राग आला. ग्रीसमधल्या कुठल्याशा बेटावर नायकाने नुकतंच दार लावून घेतलं होतं.

दार लावल्यानंतरच्या पानांचंही सांगायला हवं, नाहीतर ही कबुली अर्धवट. ती पानं मी गाळत नाही, दोनदा वाचते. चावटपणा असतोच, आणि तोही आवडतो. पण मी खरी रेंगाळते ती वेगळ्याच जागी: तो तिला विचारतो, थांबतो, तिला काय आवडतं ते लक्षात ठेवतो. आत्याला हे कधी कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. माझ्याबद्दल, घरी हा अंक येतो म्हणून, गप्प बसते.

सगळंच पचतं असं नाही. १९७२ चं ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ हे अशा शृंगारिक ऐतिहासिक कादंबऱ्यांची लाट आणणारं पुस्तक. त्यात नायक आधी नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे तिचा लाडका नवरा होतो. ते मी अर्ध्यावर मिटलं. या बाबतीत मी होते तिथेच आहे.

मुलीचा निकाल लागायला तीन वर्षं गेली. तेवढ्यात एकेचाळीस झाली.

मध्यंतरी जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंचं ‘रीडिंग द रोमान्स’ पुन्हा काढलं. १९८४ चं पुस्तक, प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून लिहिलेलं. त्या बायकांना गोष्टीइतकंच नुसतं वाचत बसणंही मोलाचं होतं: हातात पुस्तक आहे तोवर मी कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. त्या ओळींखाली माझ्याच पेन्सिलीच्या रेघा होत्या, नोकरीतल्या दिवसांतल्या. रेघा मारताना आत्याचे अडीच ते चार मला आठवले नव्हते.

आत्या गेल्यावर तिचं माजघर मीच आवरलं होतं. दोन पोती पुस्तकं निघाली, किलोच्या भावाने घातली. तराजूत टाकण्याआधी रद्दीवाल्याने चार बाजूला काढली. "बायको वाचते," म्हणाला. मी हसले होते.