मार्कंड्याच्या घरातला रेकॉर्डर

घरगुती डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवतो. भारतात टाटा स्काय प्लस २००८ साली आला. पण चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेकाठच्या मार्कंड्यासारख्या गावात तेच काम डीडी फ्री डिशचा यूएसबीवाला बॉक्स आणि पेनड्राइव्ह स्वस्तात भागवू शकतात.

खरी काळजी पावसाळ्यातली. जवळपास कुठे वीज पडली, तरी तिचा झटका छतावरच्या छत्रीच्या केबलमधून आत शिरू शकतो. म्हणून गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि केबल दोन्ही काढावीत. नुसता प्लग काढणे ही अर्धीच खबरदारी. रेकॉर्डिंग चालू असताना पुरवठा गेला तर फाइल अर्धवट राहते, कधी अख्खी डिस्कच वाचता येत नाही. त्यावर लहान यूपीएस पुरतो. बॉक्सवर विणलेला रुमाल घालायची हौस मात्र आवरावी, उष्णता कोंडते.

क्षमता वाढवताना सतत लेखनासाठी बनवलेली डिस्क घ्यावी. एफएटी३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपुढे जात नाही, त्यामुळे क्रिकेटचा लांब सामना तुकड्यांत साठतो. सशुल्क डीटीएचचे रेकॉर्डिंग सहसा कूटबद्ध असते आणि त्याच बॉक्सवर दिसते. बॉक्स बदलला की जुना संग्रह गेला, हे धरूनच नवा घ्यावा.