खंबायतचा अकीक

शाळेच्या भूगोलात खंबायतचे आखात आपण सगळ्यांनी पाठ केलेले असते. त्याला नाव देणारे गाव मात्र फारसे कोणी पाहात नाही. आणंदला उतरून तिथे जायचे. बंदर गाळाने केव्हाच भरले, समुद्र मागे हटला आणि गावाकडे राहिले ते हलवासन, सुतरफेणी नि अकीकाचे मणी. पहिल्या दोहोंविषयी आमच्या सौभाग्यवतींना विचारावे. मी गेलो होतो तिसऱ्यासाठी. तेही विकत घ्यायला नव्हे, दगड फोडायला शिकायला!

अकीक मूळचा खंबायतचा नव्हे. तो येतो नर्मदेपलीकडच्या रतनपूरच्या खाणींतून. आणि तसे पाहिले तर आपल्याच घराण्यातला. ज्या लाव्हारसाचा सह्याद्री झाला, त्याच थरांतल्या पोकळ्यांत हा गारगोटीचा भाऊबंद साकळला. दगड उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यांत घालून मंद आचेवर तापवतात. त्याने आतल्या लोहाचा रंग तांबडा होतो आणि, फोडणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, कपची सुबक निघते.

हत्यारे पाहून मी जरा हिरमुसलोच. जमिनीत तिरपी पुरलेली एक अणकुचीदार लोखंडी सळई आणि म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची, बारीक दांड्याची हातोडी. बस्स! काकांनी आधी हातोडीच निवडायला लावली. लोखंडाची का नाही, तर तिने दगड चुरडतो. शिंग किंचित दबते आणि धक्का नेमका पोचवते. दांडा जाड असला की मनगट अडते. मोठ्या कपच्या काढायला जड डोके, शेवटच्या कोरणीला हलके. दगड निवडतानाही तो टिचकी मारून ऐकायचा. बद्द वाजला तर आत भेग आहे, सोडून द्यावा.

मग बैठक. डाव्या हाताने दगडाची कड सळईच्या टोकाला टेकवायची आणि उजव्या हाताने वरून टोला द्यायचा. गंमत अशी की कपची निघते ती टोला बसला तिथे नव्हे, सळई टेकली तिथे! कडेचा कोन काटकोनाहून लहान हवा, नाहीतर घाव वाया. तासाभराने माझ्या दगडावरून नखाएवढी, शिंपल्यासारखी वळसेदार एक कपची उडाली. मी ती खिशात घातली. काका हसले. साधा मणी जमायला दोन-तीन वर्षे, लांबट नाजूक मण्याला सात-आठ, कधी दहाही.

ही काही फुशारकी नव्हे. वालेंतीन रू आणि ब्लांदीन ब्रिल या फ्रेंच विदुषींनी याच गावच्या कारागिरांचे घाव यंत्राने मोजले; त्यांचा पहिला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. कारागिरांच्या हाती अकीकाऐवजी काचही दिली होती. मुरलेल्या हातांनी आपला टोला लगेच हलका केला, कच्च्या हातांना ते साधले नाही.

लोथल इथून फार लांब नाही. चार हजार वर्षांपूर्वी तिथे मण्यांचे कारखाने होते, आणि सिंधूकाठचे लांब तांबडे मणी इराकमधल्या ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. लोखंड नसताना त्या मंडळींनी सळईच्या जागी काय वापरले असेल, हा विचार मात्र माझी पाठ सोडीना.

काकांनी मला मुद्दाम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून बसवले होते. मला वाटले, उजेडासाठी. पण कारण निराळे. या दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती कायमची. तिच्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर बरे करणारे औषध नाही. फोडणाऱ्यापेक्षा चाकावर मणी घासणाऱ्याला त्याचा धोका फार जास्त, आणि त्या घरात नुसते राहणाऱ्यांनाही तो चुकत नाही. काकांचे थोरले बंधू घासण्याच्या कामात होते. त्यांचा फोटो आतल्या भिंतीवर, हार घातलेला.

“मुलाला शिकवलंत का?” आमच्या सौ.नी विचारले.

“फोडायला शिकवलं,” काका म्हणाले, “घासायला नाही. तो आणंदला रिक्षा चालवतो. सणाला आला की तासभर बसतो इथे. हात छान आहे त्याचा.”