सत्याची काटकसर



काटकसर हा आपल्या घरातला लाडका शब्द. पाणी बेतानं वापरा, ताटात उष्टं टाकू नका, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. परवा मात्र लेकीनं इंग्रजीतली एक काटकसर सांगितली आणि माझी झोपच उडाली. ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ’, म्हणजे सत्याच्या बाबतीत काटकसर करणं.

ती कायद्याचं शिकते. तिनं यामागची हकिगत सांगितली. 1986 साली ब्रिटिश गुप्तहेर खात्यातले निवृत्त अधिकारी पीटर राइट यांचं ‘स्पायकॅचर’ हे पुस्तक थांबवण्यासाठी ब्रिटिश सरकार ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात गेलं होतं. सरकारतर्फे मंत्रिमंडळाचे सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग साक्षीला उभे होते. समोरचे वकील माल्कम टर्नबुल, जे पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. एका पत्रावरून त्यांनी साहेबांना धारेवर धरलं. साहेब म्हणाले, पत्रातून चुकीचा समज होतो खरा, पण ते खोटं नाही. फार तर सत्याची काटकसर म्हणा. तेव्हापासून हा शब्दप्रयोग जगभर थट्टेनं वापरला जातो. सरकार तो खटला हरलं.

लेक हसत होती. मला मात्र एक फोन आठवला.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं स्थळ बघताना मुलीच्या आईनं माझ्याकडे चौकशी केली. ‘मुलगा निर्व्यसनी आहे ना?’ हो. ‘दुकान स्वतःचं?’ हो, स्वतःचंच. दोन्ही उत्तरं खरी. पण ते दुकान बँकेकडे गहाण होतं आणि हप्ते थकले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांनी कर्जाचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लग्न झालं. वर्षभरात सुनेचे दागिने त्या हप्त्यांत गेले.

पुढे मुलीची आई मंदिरात भेटली. म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही खोटं काहीच बोलला नाहीत.’ एवढंच बोलून ती दर्शनाला गेली. मी तिथंच उभी राहिले.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातला एक ‘न्यासापहार’. कुणी आपल्याकडे ठेव ठेवली, किती ठेवली ते विसरला आणि कमी मागितली. आपण ‘हो, एवढीच होती’ म्हणून तेवढीच दिली, तर तो दोष. इथं समोरच्यानंच आकडा चुकीचा सांगितला, आपण फक्त मान हलवली. तरी शास्त्र सोडत नाही. त्या बाईचा विश्वास माझ्याकडे ठेवच होता की! तिनं कमी विचारलं, मी कमीच दिलं.

मग सगळ्यांचं सगळं बोलत सुटायचं का? नाही. कुणाचं आजारपण, कुणाचं घरातलं भांडण चघळणं हेही पापच. मौन वेगळं. मौनात समोरच्याला कळतं की ही बोलत नाहीये. काटकसरीत त्याला वाटतं, सगळं ऐकलं. मी ‘हो, स्वतःचंच’ असं ठासून म्हटलं होतं, आणि फसवणूक त्या ‘च’मध्ये होती.

गेल्या क्षमावाणीला मी त्यांच्या घरी गेले. सगळं स्पष्ट बोलून क्षमा मागितली. त्यांनी पाणी दिलं, ‘क्षमा आहे’ म्हणाल्या. पूर्वीसारखं बोलणं अजून होत नाही. दागिनेही परत आलेले नाहीत.

आता चौकशीचा फोन आला की मी म्हणते, ‘मुलगा चांगला आहे. पैशांच्या व्यवहाराचं मी बोलणार नाही, ते त्याच्या वडिलांना समोर बसवून विचारा.’ बहिणींना राग येतो. येऊ दे.

तेल, साखर, पाणी यांत काटकसर जरूर करूया. पण कुणी विश्वासानं विचारायला आलं, तर तिथं हात आखडता नको.