छातीवरचा सांगाडा

पावसात भिजला की तो कुडकुडायचा. पोलादाची हाडं, ती हलवणारी तेलाच्या दाबावरची यंत्रणा आणि वरून चढवलेली मऊ, सच्छिद्र रबराची कातडी. स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी खऱ्याच्या मापाने उभा केलेला तो टी-रेक्स कोरड्यात अगदी हुकमी वागे. पण ‘जुरासिक पार्क’मध्ये तो पहिल्यांदा कुंपण तोडून बाहेर येतो ती रात्र भर पावसाची, आणि स्टुडिओत सोडलेला तो खोटा पाऊस रबर पीत गेलं, पीत गेलं, अंग जड झालं, यंत्रांनी धरलेला तोल सुटला, आणि साडेसहा कोटी वर्षांनी पृथ्वीवर परतलेला तो राजा दोन शॉटच्या मधल्या वेळात नुसता उभ्या उभ्या थरथरू लागला. मग माणसं टॉवेल घेऊन धावत. त्याचं अंग टिपून काढत.

त्या माणसांचा मला हेवा वाटतो.

चित्रपट 1993 चा. आपल्याकडे तो 1994 साली हिंदीत बोलत आला आणि घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत पावसाळा धरला होता. थिएटरचं छप्पर पत्र्याचं. आत पडद्यावर पाऊस, वर पत्र्यावर पाऊस. कुठला कुठे संपतो ते कळेना. गोऱ्या शास्त्रज्ञांच्या तोंडचं हिंदी अर्धं पत्र्याच्या ताशात वाहून गेलं, आणि बरंच झालं, कारण त्या रात्रीत बोलण्यासारखं काही नव्हतंच. होता तो गाडीच्या डॅशबोर्डवरचा पाण्याचा पेला, आणि त्यात दूरवरच्या पावलाने उठलेलं एक वर्तुळ. मग दुसरं. पुढच्या रांगेत कोणीतरी विडी पेटवायला काडी ओढली होती, ती तशीच जळत बोटापर्यंत गेली आणि अंधारात एक शिवी उमटली. पुढे कित्येक वर्षांनी वाचलं की ते वर्तुळ गिटारच्या तारेचं. पेल्याखालून तार ओढून घेतली होती आणि गाडीखाली पडून एक माणूस ती छेडत होता. म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली खरी भीती ही एक सूर होती. ऐकू न आलेला, पाण्यावर नुसता दिसलेला.

गंमत अशी की दोन तासांहून लांब असलेल्या त्या चित्रपटात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. उरलेला सगळा वेळ ते येणार असतात. फांद्या हलतात, दोरखंड ताणले जातात, बकरी जागेवरून नाहीशी होते. आणि तो आवाज! गॅरी रायडस्ट्रॉमने हत्तीच्या पिल्लाचा चीत्कार, वाघ आणि सुसर यांचे आवाज एकमेकांत मिसळून टी-रेक्सची डरकाळी रचली. रॅप्टर एकमेकांना हाका मारतात ते भुंकणं मात्र प्रणयात रमलेल्या कासवांचं. ही शेवटची माहिती मी लग्नकार्यात सांगू नये, असं आईने मला बजावून ठेवलं आहे. पण या तपशिलांनी माझं प्रेम पातळ होत नाही, उलट दाटच होतं. कोणी तरी कासवांपुढे माइक धरून बसलं, कोणी गाडीखाली झोपलं, कोणी रबराचं अंग पुसलं. त्या सगळ्या धडपडीतून एक मेलेला प्राणी क्षणभर उभा राहिला आणि श्वास टाकून गेला. तो श्वास व्हेल माशाचा होता म्हणे. असू दे.

टी-शर्टांचं वेड यातूनच लागलं असणार. पहिला घेतला मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर, घासाघीस करून, काळा. ‘जुरासिक’च्या स्पेलिंगमधला एक ‘एस’ कारागिराने वाचवलेला. लाल-पिवळ्या वर्तुळात काळा सांगाडा, खाली झाडांची काळी रांग. घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो, दीर्घ श्वास घेतला आणि पाहिलं, की माझ्या बरगड्या फुलल्या तशा त्याच्याही फुलल्या. सोडला, तशा मिटल्या. फिरून घेतला. पुन्हा सोडला. ज्याच्या छातीत कोट्यवधी वर्षं वारा शिरला नव्हता तो माझ्या उसन्या श्वासावर हलत होता. आरशासमोर असा किती वेळ गेला, सांगता येत नाही.

जिवंत होता.

मग कपाटात गर्दी वाढत गेली. 1914 ची ‘गर्टी’ आली, विन्सर मॅकेने हाताने कागदामागून कागद काढून चालवलेली ती लाजरी, हट्टी डायनासोर. 1933 चा ‘किंग काँग’ आला, टी-रेक्सचा जबडा दोन हातांनी फाडताना. 1954 चा ‘गॉडझिला’ आला, ज्याच्या जड, कोंदट पोशाखात एक माणूस घामाने निथळत टोकियोची चिमुकली घरं तुडवत होता. ‘जुरासिक पार्क’मधला, उघड्या छातीने रेलून पडलेला इयन माल्कम आला; तो डायनासोर नव्हे, पण त्याचा पवित्रा एखाद्या नामशेष प्रजातीलाच शोभावा असा आहे. हे कपडे उलटे करून धुवायचे, सावलीत वाळवायचे, छापावरून इस्त्री फिरवायची नाही. तरी छाप तडकतोच. आधी बारीक रेघा, मग त्या रेघांमधून उचकटणारे पापुद्रे, शेवटी उन्हाने तळ्याचा गाळ भेगाळावा तसं सगळं चित्र भेगाळून जातं. आई म्हणते, “अरे, लग्नाला निघालास ना? ती पाल घरी ठेव.” मी वर शर्ट घालतो, गळ्यापर्यंत बटणं लावतो. आत पाल असतेच.

लोकलच्या गर्दीत कधी समोरच्याच्या छातीवर तोच सांगाडा दिसतो. आम्ही बोलत नाही. तो माझ्या टी-शर्टकडे पाहतो, मी त्याच्या. त्याचा छाप ताजा, माझा तडकलेला, आणि त्याच्या नजरेत थोडा आदर येतो. वारकऱ्याने वारकऱ्याची माळ पाहावी इतकंच ते. एरवी माणसांशी ओळख काढायला मला फार वेळ लागतो.

भाचीचं मात्र वेगळं. तिला डायनासोर पुस्तकांतून भेटले, त्यामुळे ती निर्दय आहे. “मामा, हे सगळं चुकीचंय,” ती म्हणते. तिचं खरं आहे. 1996 साली चीनमध्ये पिसासारख्या तंतूंची झालर असलेला एक डायनासोर दगडातून वर आला आणि त्यामागून त्याचे गणगोत येत राहिले. 2007 साली वेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुजण्याचे उंचवटे सापडले. स्वयंपाकघरात मुलांची शिकार करणारा तो चकचकीत, उघड्या कातडीचा, माणसाएवढा हैवान प्रत्यक्षात टर्की कोंबड्याएवढा होता, आणि पिसांनी झाकलेला. शिवाय नाव जुरासिक, पण टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, रॅप्टर हे सगळे त्यानंतरच्या क्रिटेशस काळातले. हे सगळं मला ठाऊक आहे आणि माझं काहीही बिघडत नाही. माझा जीव जडलाय तो मंगोलियाच्या वाळवंटातल्या पक्ष्यावर नाहीच. तो जडलाय पत्र्याखालच्या एका रात्रीवर, ओल्या रबरावर पडलेल्या निळसर उजेडावर. विज्ञान पुढे गेलं, जावं त्याने. एखाद्या चुकीवर अंतःकरणापासून प्रेम करता येतं, आणि ती सुधारायची कसलीच घाई नसते.

आणि तरीही छातीवरचं चित्र फारसं चुकत नाही, ही मला मिळालेली सवलत. पडद्यावरची कातडी जुनी झाली, हाडं टिकली. ती हाडं कुठून आली याची गोष्ट मला फार आवडते. 1990 साली मायकल क्रायटनची कादंबरी यायची होती आणि मुखपृष्ठाचं काम होतं चिप किड या तरुण ग्राफिक डिझायनरकडे. तो न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात गेला, तिथल्या दुकानातून एक पुस्तक विकत घेतलं, त्यातल्या टी-रेक्सच्या सांगाड्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि पेनाने एकेक हाड गिरवत काळं करत गेला. चित्रपटाने तोच सांगाडा उचलला, स्वतःच्या कथेतल्या उद्यानाची खूण म्हणून मिरवला, गाड्यांवर रंगवला आणि मग कॅमेरा शांतपणे त्या उद्यानातल्या भेटवस्तूंच्या दुकानातून फिरवला. आठवतं ते दृश्य? वीज गेलेली, बाहेर मृत्यू मोकाट, आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले डबे, मऊ खेळणी, टी-शर्ट, सगळं कोरं करकरीत, एकही गिऱ्हाईक नाही. पलीकडे उद्यानाचा मालक, म्हातारा हॅमंड, एकटाच वितळत चाललेलं आइस्क्रीम खात बसलेला. मला सगळ्या चित्रपटात हेच दृश्य सगळ्यात उदास वाटतं. त्या दुकानाचं उद्घाटनच झालं नाही. आम्ही जगभर जे गेली तीस वर्षं हे टी-शर्ट विकत घेत सुटलो आहोत, ते त्या म्हाताऱ्याचं दुकान चालावं म्हणूनच की काय, असं कधी कधी मनात येतं.

लहानपणी मला चित्रपटातलं ते बेट आमच्या जवळपासच कुठेतरी आहे असं वाटे. हेलिकॉप्टर खाली उतरतं, दोन्ही बाजूंना हिरव्या कड्यांच्या चुण्या, त्यांतून धबधबे. श्रावणात घाटात मान वर केली की आम्हाला हेच दिसे. ते हवाईतलं काउआई बेट. तिथला कडा लाव्हाचा, आमचाही लाव्हाचा. आमचा कातळ तर त्याच सुमाराचा, जेव्हा हे सगळे प्राणी शेवटचे श्वास घेत होते. मेक्सिकोकडे आकाशातून अशनी कोसळला, आणि इकडे दख्खनच्या भेगांतून लाव्हा थरावर थर चढत होता. ज्या काळ्या पायऱ्यांवर बसून आम्ही बोरं खाल्ली त्या त्यांच्या अंताच्या काळात थिजलेल्या. हे कळलं तेव्हा पायाखालची जमीन किंचित कोमट लागली.

म्हणून एकदा विदर्भात गेलो, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला. तिथल्या मातीत डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले सापडतात. 2005 साली त्या दगडांत गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, हा समज मोडीत निघाला. मी बांधावर वाकून ढेकळं न्याहाळत होतो, टी-शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. एक शेतकरी येऊन उभा राहिला. “काय पाहून राहिले भाऊ?” मी सांगितलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही, माझ्या छातीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “हा इथलाच का?” म्हटलं, नाही, हा अमेरिकेचा. तो जरासा थांबला. “मंग इथला कुठं हाय?”

इथला आहे. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला 1980 च्या दशकात त्याची हाडं निघाली. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 साली त्याचं वर्णन केलं, आणि 2003 पासून तो इसिसॉरस म्हणून ओळखला जातो, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव लावणारा डायनासोर आमच्याच वाट्याला यायचा होता. पुढचे पाय लांब, मान आखूड आणि उभी, गवत-पाला खाणारा. मी शोधून पाहिलं, तो एकाही टी-शर्टवर नव्हता.

पुण्याच्या नारायण पेठेत एका बोळात स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. गणपती मंडळांचे, ढोलपथकांचे टी-शर्ट तिथे छापतात. दोरीवर ओळीने बाप्पा वाळत असतात आणि शाईचा उग्र वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. इसिसॉरसची सापडलेली हाडं मी ट्रेसिंग पेपरवर काळी करून नेली होती. दुकानदाराने कागद उजेडाला धरला, उलटसुलट केला.

“जिराफ का?”

“डायनासोर. आपल्या चंद्रपूरचा.”

“मुंडकं कुठंय याचं?”

“सापडलं नाही अजून.”

“आणि मागचे पाय?”

“तेही नाही.”

त्याने चष्मा वर सरकवला. “एखादं मुंडकं मी बसवून देऊ का? चांगलं असतं माझ्याकडे.” मी नको म्हणालो. बोळातल्या त्या उजेडात कागदावरची मान वर निघून मध्येच थांबली होती, आणि पुढे कोरा कागद होता. त्या कोऱ्या जागेकडे आम्ही दोघंही थोडा वेळ पाहत राहिलो. मग त्याने फ्रेम उचलली, जाळीवर बोट आपटून पाहिलं. “साहेब, एकाला स्क्रीन बनवणं परवडत नाही. डझन घ्यावे लागतील.”

घेतले. तो स्क्वीजी ओढत असताना मी शेजारी उभा होतो. जाळीवरून शाई सरकत गेली, फ्रेम उचलली गेली, आणि ओल्या काळ्या रंगात एकेक मणका कापडावर चमकला. भाचीने एक नेला आणि पहिल्यांदाच काही चूक काढली नाही. आई म्हणाली, हा निदान कोणाला खाणारा तरी दिसत नाही. ऑफिसात दोघांनी नेले, एकाने पैसेही दिले. एक पिसदुऱ्याला पाठवायचा आहे, त्या भाऊंचं नाव विचारायचं राहून गेलं.

एक्सएल संपले. मीडियम आहेत अजून.